लिटल रॉक शालेय जिल्हा

लिटल रॉक शालेय जिल्हा : अमेरिकेतील आर्कॅन्सॉ राज्याच्या राजधानीतील सार्वजनिक शाळा चालवणारी संस्था. ती पुलास्की काउंटीत असली तरी काउंटीच्या वा नगर प्रशासनाच्या हाताखाली नाही. मतदारांनी निवडलेले शिक्षण मंडळ धोरण ठरवते आणि अधीक्षक नेमते. शाळांसाठीचा मालमत्ताकर वाढवायचा तर मतदारांचा कौल घ्यावा लागतो. कागदावरची ही स्वायत्तता प्रत्यक्षात मात्र राज्य सरकार आणि संघीय न्यायालये यांच्या ओढाताणीत सापडत आली आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात गोऱ्या व कृष्णवर्णीय मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. १९२७ साली सुमारे १५ लाख डॉलर खर्चून गोऱ्यांसाठी भव्य हायस्कूल (पुढचे सेंट्रल हायस्कूल) उभे राहिले. १९२९ च्या कृष्णवर्णीयांच्या डनबर हायस्कूलला मात्र रोझेनवाल्ड निधी या धर्मादाय संस्थेची मदत घ्यावी लागली. वेगळ्या शाळा घटनाबाह्य असल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये दिला, तेव्हा अधीक्षक व्हर्जिल ब्लॉसम यांनी टप्प्याटप्प्याने एकत्रीकरणाची योजना आखली. ती सावध कमी आणि सोयीची जास्त होती. पश्चिमेकडील सुखवस्तू वस्तीत गोऱ्यांसाठी नवे हॉल हायस्कूल उघडले आणि बदलाचा भार एकट्या सेंट्रलवर पडला.

सप्टेंबर १९५७ मध्ये सेंट्रलमध्ये जाणाऱ्या नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना गव्हर्नर ऑर्व्हल फॉबस यांनी नॅशनल गार्डच्या बळावर अडवले. अखेर अध्यक्ष आयझेनहॉवर यांनी पाठवलेल्या १०१ व्या एअरबोर्न डिव्हिजनच्या बंदोबस्तात २५ सप्टेंबरला ते वर्गात गेले. पुढच्या वर्षी मंडळानेच एकत्रीकरण लांबणीवर टाकण्याची परवानगी मागितली. ‘कूपर विरुद्ध आरन’ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ती नाकारली. फॉबस यांनी मग शहरातील चारही हायस्कूले बंद केली. २७ सप्टेंबर १९५८ च्या मतदानात १९,४७० मतदारांनी एकत्रीकरणाच्या विरोधात आणि ७,५६१ जणांनी बाजूने कौल दिला. १९५८–५९ हे वर्ष वाया गेले. शिक्षक करारानुसार रिकाम्या वर्गांत हजेरी लावत होते. फुटबॉलचे सामने मात्र चालू राहिले!

मे १९५९ मध्ये सहा जणांच्या मंडळातील तीन मवाळ सदस्य सभा सोडून गेले आणि उरलेल्या तिघा एकत्रीकरणविरोधकांनी ४४ कर्मचाऱ्यांना काढून टाकले. त्यावर शहर खडबडून जागे झाले. शाळा उघडण्यासाठी आधीच संघटित झालेल्या स्त्रियांची साथ मिळाली आणि २५ मे रोजी मतदारांनी त्या तिघा एकत्रीकरणविरोधकांनाच पदावरून दूर केले. ऑगस्टमध्ये हायस्कूले पुन्हा उघडली.

पुढची लढाई न्यायालयात गेली. गोरी कुटुंबे उपनगरांत गेल्याने एकत्रीकरणाचा भार एकट्याने पेलवणार नाही, म्हणून १९८२ मध्ये या जिल्ह्याने शेजारच्या शालेय जिल्ह्यांवर व राज्यावर दावा लावला. १९८९ च्या तडजोडीनुसार राज्याने अनुदान देण्याचे मान्य केले; अंतिम समझोता २०१४ मध्ये झाला.

सहा शाळांची शैक्षणिक कामगिरी निकषांखाली गेल्याच्या कारणावरून जानेवारी २०१५ मध्ये राज्य शिक्षण मंडळाने ५ विरुद्ध ४ मतांनी लोकनियुक्त मंडळ बरखास्त केले. ४८ पैकी सहा शाळांसाठी सगळ्या जिल्ह्याचा कारभार काढून घेणे अनेक नागरिकांना पटले नाही. राज्याने शिक्षक संघटनेची मान्यता काढल्यावर नोव्हेंबर २०१९ मध्ये शिक्षकांनी एक दिवसाचा संप केला. नऊ सदस्यांच्या नव्या मंडळाची निवडणूक नोव्हेंबर २०२० मध्ये झाली.