वऱ्हाडातली फिरती टॉकीज

तंबू, कनात, पडदा, एक प्रोजेक्टर आणि तो चालवायला तेलावरचे इंजिन एवढा संसार घेऊन गावोगाव हिंडणारे चित्रपटगृह म्हणजे फिरती टॉकीज. वऱ्हाडातल्या खेड्यांनी सिनेमा पहिल्यांदा पाहिला तो बहुधा अशाच तंबूत. हा धंदा दोन प्रवासांवर उभा होता. एक प्रवास यंत्राचा: ते मुंबईहून आणायचे आणि मग हंगामभर जत्रेमागून जत्रेला न्यायचे. दुसरा प्रवास सिनेमाच्या पेटीचा: ती अमरावतीहून उचलायची आणि मुदतीत परत करायची. कोणत्या गावाला कोणता चित्रपट, किती वर्षांनी आणि कशा अवस्थेत दिसणार, हे या दोन प्रवासांवरच ठरत असे.

पडद्यावरची हलती चित्रे गावोगाव नेण्याची महाराष्ट्रातली पद्धत सिनेमाच्याही आधीची आहे. कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धनांनी १८९२मध्ये ‘शांबरिक खरोलिका’ या नावाने काचेवरच्या रंगीत चित्रांचे खेळ सुरू केले. पुढे त्यांच्या मुलांनी ही सामग्री घेऊन ठिकठिकाणी प्रयोग केले. ल्यूमिए बंधूंच्या चित्रफिती ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात दाखवल्या गेल्या, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांत परदेशी फिती घेऊन तंबूत खेळ करणारे व्यावसायिक देशभर फिरू लागले. अब्दुलअली युसुफअली हे त्यांतले एक मोठे नाव. आधी ब्रह्मदेश आणि आग्नेय आशिया, नंतर हिंदुस्थान असा त्यांचा तंबू फिरला, आणि पुढे अर्देशिर इराणींच्या भागीदारीत ते मुंबईत स्थिरावले. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ ३ मे १९१३ रोजी मुंबईत लागला. त्यानंतर पुराणकथांवरच्या मूकपटांना खेड्यापाड्यांत हुकमी प्रेक्षक मिळाला.

या धंद्याला वऱ्हाड सोयीचे पडले, त्याचे पहिले कारण रेल्वे. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचा मुंबईहून भुसावळ, अकोला, बडनेरामार्गे येणारा फाटा १८६७मध्ये नागपूरला पोचला. कापसासाठी जलंब–खामगाव शाखा १८७०मध्ये आणि बडनेरा–अमरावती शाखा १८७१मध्ये सुरू झाली. विसाव्या शतकाच्या आरंभी मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूरकडे अरुंद मापाच्या गाड्या धावू लागल्या; याच पुढे ‘शकुंतला’ म्हणून ओळखल्या गेल्या. कापसाच्या गाठी बाहेर नेण्यासाठी टाकलेल्या या रुळांवरून नाटक मंडळ्यांचे पडदे आणि पेटारे आत आले, आणि त्यांच्यामागून सिनेमाची यंत्रेही आली.

दुसरे कारणही कापसाचेच. दसरा-दिवाळीनंतर वेचणी सुरू होते, माल जिनिंगला जातो आणि शेतकऱ्याच्या हाती रोकड येते. जत्रांचा काळही हाच. पावसाळ्यात काळ्या मातीत बंडीची चाके रुततात आणि तंबूचे खुंटे धरत नाहीत. पाऊस उघडला की रस्ते वाळतात आणि मोकळी मैदाने मिळतात. त्यामुळे फिरत्या टॉकीजचे वर्ष दिवाळीनंतर सुरू होई आणि मृगाच्या आधी संपे. पावसाळ्याचे चार महिने कनाती शिवणे, इंजिन खोलणे आणि नवे करार करणे यांत जात.

कायद्याने या धंद्याची पहिली दखल घेतली ती आगीच्या भीतीने. त्या काळची फिल्म सेल्युलोज नायट्रेटची असे. ती सहज पेट घेते आणि जळताना प्राणवायू स्वतःच पुरवते, म्हणून एकदा पेटली की पाण्यानेही विझत नाही. १९१८च्या सिनेमॅटोग्राफ कायद्याने परवान्याशिवाय खेळ करण्यास बंदी घातली आणि चित्रपटांचे पूर्वपरीक्षण सुरू केले. फिरत्या तंबूंनाही परवाना लागे. यंत्राची खोली प्रेक्षकांपासून वेगळी ठेवणे, वाळू-पाण्याच्या बादल्या भरून ठेवणे, बाहेर पडायच्या वाटा मोकळ्या राखणे या अटी त्यातूनच आल्या. १९५०च्या सुमारास न पेटणारी ‘सेफ्टी’ फिल्म रुळली, नायट्रेट मागे पडले, तरी बादल्या तंबूच्या दाराशी कायम राहिल्या.

१४ मार्च १९३१ रोजी ‘आलम आरा’ने चित्रपट बोलका केला आणि यंत्राचा पसारा वाढला. मूकपटाला प्रोजेक्टर, दिवा आणि पेटीवाला-तबलजी एवढे पुरत. बोलपटासाठी प्रोजेक्टरला साउंड हेड लागला, त्यामागे अॅम्प्लिफायर आणि भोंगे आले, आणि या सगळ्याला वीज पुरवणारे इंजिन-जनित्र आले. लीड्सच्या कारखान्यातले कॅली, श्टुटगार्टचे बाउअर, अमेरिकेचे सिम्प्लेक्स अशी परदेशी यंत्रे आणि पुढे भारतात बनलेली यंत्रे मुंबईच्या बाजारात मिळत. फिरत्या टॉकीजवाल्याला नवे यंत्र क्वचितच परवडे. शहरातल्या एखाद्या टॉकीजने मशीन बदलले की जुने विकायला निघे, आणि ते पाहायला, चालवून बघायला व उचलायला मालक स्वतः ऑपरेटरला सोबत घेऊन जाई. अकोला किंवा अमरावतीहून मुंबई सहाशे किलोमीटरच्या आसपास. यंत्राचे डोके, लॅम्प हाऊस आणि बिडाचा पाया सुटे करून खोक्यांत भरत, रेल्वेने बडनेरा किंवा अकोला स्टेशनावर उतरवत आणि तिथून बंडीने किंवा ट्रकने गावी नेत.

खरेदीच्या वेळी जाणता ऑपरेटर बघे ते माल्टीज क्रॉस. प्रोजेक्टरमध्ये फिल्म सलग सरकत नाही; ती सेकंदाला २४ वेळा थांबते आणि २४ वेळा पुढे सरते. हे थांबणे-सरकणे तेलात बुडालेल्या चार खाचांच्या एका छोट्या चक्रामुळे घडते. चक्राच्या खाचा झिजल्या की चित्र पडद्यावर थरथरते, आणि हा दोष वंगणाने जात नाही. दुसरी तपासणी लॅम्प हाऊसची. तिथे तांब्याचा मुलामा दिलेल्या दोन कार्बनच्या कांड्या समोरासमोर बसवत. त्या क्षणभर टेकवून दूर केल्या की मधल्या फटीत डोळे दिपवणारी ज्योत पेटे. कांड्या जळून आखूड होत, तशी फट वाढे आणि पडदा पिवळट पडे. म्हणून ऑपरेटर काळ्या काचेतून ज्योतीकडे पाहत हाताने कांड्या पुढे सारत राही. पडद्यावरचा उजेड कसा आहे, यावरून मैदानात बसलेले लोक ऑपरेटरची पारख करत.

शहरातल्या टॉकीजमध्ये दोन मशीन असत. एकावरचे रीळ संपता संपता दुसरे सुरू होई. तंबूत बहुधा एकच मशीन असे. दोन हजार फुटांचे रीळ साधारण बावीस मिनिटांत संपे, मग दिवे लागत आणि पुढचे रीळ चढेपर्यंत प्रेक्षक थांबत. एका चित्रपटात अशी सहा-सात मध्यंतरे होत. भजी, चहा आणि फुटाण्यांच्या दुकानांचे पोट त्यांवरच चाले.

यंत्र एकदाच आणावे लागे, पेटी मात्र दर खेपेला. चित्रपटांच्या वितरणासाठी देशाचे विभाग पडले होते. त्यांना धंद्यात ‘सर्किट’ म्हणत. मध्य प्रांत आणि वऱ्हाड मिळून ‘सी. पी. बेरार’ हे सर्किट झाले आणि त्याच्या वितरकांची कचेरी-पेठ अमरावतीत वसली. वऱ्हाडची जुनी विभागीय राजधानी, कापसाच्या पैशाचे गाव आणि बडनेऱ्यामुळे मुख्य मार्गाला जोडलेले शहर, म्हणून अमरावती या कामाला योग्य ठरली. नागपूर आणि इटारसीकडचे मार्ग भुसावळला फुटतात; त्यामुळे वितरक आणि प्रदर्शकांच्या सेंट्रल सर्किट सिने असोसिएशनचे मुख्य ठाणे भुसावळला झाले. राज्य पुनर्रचनेत १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ मुंबई राज्यात आला आणि जुन्या प्रांताचा उरलेला भाग मध्य प्रदेशात राहिला. प्रांत नकाशावरून गेला, पण सर्किटचे नाव आणि हद्द तशीच चालू राहिली. त्यामुळे रायपूर-जबलपूरच्या बाजूच्या चित्रपटगृहांचे व्यवहारही अमरावतीशी जोडलेले राहिले.

पेटी म्हणजे रिळांचे गोल डबे ठेवलेला पत्र्याचा पेटारा. पंधरा हजार फुटांच्या चित्रपटाची नुसती फिल्म पस्तीस किलोंच्या आसपास भरते. डबे आणि पेटारा धरून हमालाला एकट्याने उचलणे जड जाई. व्यवहाराचे तीन प्रकार रूढ होते. ठरावीक भाडे आगाऊ मोजले की तो ‘फिक्स’. किमान रकमेची हमी देऊन वरच्या उत्पन्नात वाटणी ठरली की ‘मिनिमम गॅरंटी’. आणि सरळ तिकीटविक्रीत वाटा ठरला की टक्केवारी. टक्केवारीच्या चित्रपटाबरोबर वितरक आपला माणूस पाठवी; त्याला ‘रिप्रेझेंटेटिव्ह’ म्हणत. तो दाराशी बसून तिकिटांचे अनुक्रमांक टिपे, रोजच्या गल्ल्याचा ‘डी.सी.आर.’ भरे आणि हिशेब अमरावतीला पोचता करी. त्याचे जेवणखाण आणि मुक्काम मालकाकडे असे.

एका चित्रपटाच्या प्रती थोड्या आणि मागणारे पुष्कळ, म्हणून पेटीचा क्रम ठरलेला असे. आधी मुंबई, मग नागपूर-अमरावती-अकोल्यासारखी शहरे, मग तालुक्याची गावे, आणि सगळ्यांत शेवटी तंबू. तंबूत येईपर्यंत प्रत शेकडो वेळा चाललेली असे. तिच्यावर उभ्या रेघा पडत, कडेची छिद्रे फाटत आणि प्रत्येक तुटीला दोन-चार चौकटी कमी होत. तुटलेली टोके ब्लेडने खरवडून, सिमेंट लावून जोडणे हे ऑपरेटरचे रोजचे काम. कापलेले तुकडे गावातली मुले गोळा करत. पेटी रेल्वेच्या ब्रेक व्हॅनमधून पार्सलने किंवा एस.टी.च्या टपावरून येई. रेल्वे न पोचलेल्या गावी शेवटचा टप्पा बंडीचा असे. पेटी वेळेत आली नाही, तर भोंग्यावर जाहीर केलेला चित्रपट बदलून मालकाजवळचा जुना पौराणिक चित्रपट लावावा लागे. म्हणून बरेच मालक एखाद-दुसरी प्रत विकत घेऊन जवळ बाळगत.

वऱ्हाडातल्या हंगामाचा मुख्य आधार जत्रा. चांदूर बाजार तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी परतवाडा–बैतूल रस्त्यावर बहिरमची यात्रा डिसेंबरच्या उत्तरार्धात सुरू होते आणि महिनाभर चालते. हंडीतले मटण आणि रोडग्यांसाठी ती प्रसिद्ध आहे. तमाशाचे फड आणि टुरिंग टॉकीज हे एके काळी तिचे मोठे आकर्षण होते. मोर्शीजवळच्या सालबर्डीला महाशिवरात्रीची, सावंगा विठोबाला गुढीपाडव्याची आणि वर्धा नदीकाठी कौंडण्यपूरला कार्तिकातली यात्रा भरते. महिनाभराच्या जत्रेत एका तंबूला अनेक चित्रपट फिरवता येत; दोन-तीन दिवसांच्या जत्रेला मात्र एकच पेटी नेऊन रात्रभर खेळ करत.

अंधार पडल्याशिवाय खेळ सुरू होत नसे. दुपारी बंडीला किंवा जीपला पोस्टर बांधून भोंग्यावर पुकारा होई. कनातीच्या आत बाया एका बाजूला आणि पुरुष दुसऱ्या बाजूला, जमिनीवर बसत. घरून आणलेली पोती अंथरायच्या कामी येत. १९३६चा प्रभातचा ‘संत तुकाराम’, १९७५चा ‘जय संतोषी माँ’ असे भक्तिपट तंबूला वर्षानुवर्षे पुरले. १९७१च्या ‘सोंगाड्या’पासून दादा कोंडके यांच्या चित्रपटांनी जत्रेतली गर्दी खेचली. राजदत्त यांच्या १९७७च्या ‘देवकीनंदन गोपाला’चा नायक तर याच मातीतला. डॉ. श्रीराम लागूंनी साकारलेले गाडगेबाबा मूळचे अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचे.

तंबू हिंडता असला तरी सरकारी हिशेबातून सुटलेला नव्हता. मध्य प्रांत आणि वऱ्हाडात १९३६च्या कायद्याने करमणूक कर लागू झाला. पुढे १९५३च्या मुंबई चित्रपटगृह विनियमन कायद्याखालच्या नियमांत फिरत्या सिनेमांसाठी स्वतंत्र तरतुदी झाल्या. जागा बदलली की परवानगी, तंबूची तपासणी आणि विद्युत निरीक्षकाचा दाखला पुन्हा मिळवावा लागे. १९४८मध्ये स्थापन झालेल्या फिल्म्स डिव्हिजनचे माहितीपट आणि वार्तापट मुख्य चित्रपटाआधी दाखवणे बंधनकारक होते, आणि त्यांचे भाडेही प्रदर्शकालाच द्यावे लागे. धरणे, लसीकरण आणि पंचवार्षिक योजना कित्येक गावांनी प्रथम तंबूतल्या पडद्यावर पाहिल्या.

उतार लागला तो टप्प्याटप्प्याने. आधी तालुक्याच्या गावांत पक्क्या टॉकीज उभ्या राहिल्या. १९८२च्या आशियाई खेळांनंतर रंगीत दूरदर्शन पसरले. त्याच दशकात भाड्याने मिळणारा व्हीसीआर आणि व्हिडिओ केंद्रे गावात आली. १९९१नंतर केबल घरात पोचली. २००५नंतर उपग्रहाद्वारे चित्रपट पाठवणारी डिजिटल यंत्रणा आली आणि एकच चित्रपट शहरात व गावात एकाच शुक्रवारी लागू लागला. पुढच्या सात-आठ वर्षांत नव्या चित्रपटांच्या फिल्मवरच्या प्रती निघणे जवळजवळ थांबले. काही फिरत्या टॉकीजवाल्यांनी डिजिटल प्रोजेक्टर घेऊन जत्रा चालू ठेवल्या. पेटी आणायला अमरावतीला जाण्याचे काम मात्र संपले.

बिडाची आणि पितळेची ती यंत्रे बहुतेक किलोच्या भावाने भंगारात गेली. वाचली त्यांच्या शोधात आता संग्राहक असतात. पुण्यात १९६४मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाने चित्रपटांच्या प्रती जतन करण्याचे काम हाती घेतले. यंत्रे मात्र बऱ्याच अंशी हौशी माणसांनीच राखली आहेत. बंद टॉकीजच्या केबिनमधून किंवा जुन्या मालकाच्या वाड्यातून मशीन विकत घ्यायचे, ते खोलून दीड-दोनशे किलोंचे सुटे भाग टेम्पोत भरायचे आणि दूरच्या शहरात नेऊन पुन्हा जुळवायचे, असा हा व्यवहार असतो. घेणारा आजही आधी क्रॉसच्या खाचा तपासतो, कारण तो सुटा भाग आता सहजी मिळत नाही. महाराष्ट्रातल्या फिरत्या टॉकीजच्या अखेरच्या वर्षांवर शर्ली अब्राहम आणि अमित मधेशिया यांनी केलेल्या ‘द सिनेमा ट्रॅव्हलर्स’ या माहितीपटाला २०१६च्या कान महोत्सवात विशेष उल्लेखाचा मान मिळाला.

वऱ्हाडात या काळाच्या खुणा उरल्या आहेत त्या मुख्यतः व्यवहारात आणि नावांत. हिंदी चित्रपटांच्या उत्पन्नाचे विभागवार आकडे मांडताना ‘सी. पी. बेरार’चा रकाना अजूनही वेगळा धरला जातो, आणि अमरावतीचे चित्रा चौक, प्रभात चौक, श्याम चौक चित्रपटगृहांच्याच नावांनी ओळखले जातात.