जर्मनीच्या चिमुकल्या मोटारी आणि आपला टेम्पो



‘टेम्पो’ हा शब्द मराठीत इतका रुळला आहे की तो परका आहे हे आता मुद्दाम सांगावे लागते. घर बदलायचे असो, लग्नघरचे सामान न्यायचे असो, की मार्केट यार्डात कांद्याच्या गोण्या पोचवायच्या असोत, आपण सहज म्हणतो, “एक टेम्पो बोलवा.” वस्तुतः हे एका जर्मन कारखान्याच्या गाडीचे विशेषनाम. गंमत अशी की जर्मनीत आज ‘टेम्पो’ म्हटले तर माणूस खिशातून कागदी रुमाल काढून देईल. कारण तिथे त्याच नावाचा रुमाल घरोघरी पोचला आहे. हॅम्बुर्गचे हे वाहन नावासकट आपल्याकडे येऊन स्थायिक कसे झाले, आणि त्यात नगरच्या एका माणसाचा वाटा कोणता, हे पाहण्यासाठी प्रथम महायुद्धानंतरच्या जर्मनीत जावे लागेल.

१९४५ साली जर्मनी हरला. शहरे बेचिराख झाली होती. जिंकणाऱ्या राष्ट्रांनी विमाने बांधण्यास बंदी घातली, तेव्हा मेसरश्मिट आणि हाइंकेल यांच्यासारख्या नामांकित विमान कारखान्यांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. सामान्य कुटुंबाला कामावर जाण्यासाठी वाहन हवे होते. पण मोटार परवडत नव्हती, आणि मोटारसायकल पावसात व बर्फात भिजवीत होती. दोहोंच्या मधली एक वस्तू हवी होती. छप्पर मोटारीचे आणि खर्च मोटारसायकलचा, असे तिचे थोडक्यात वर्णन करता येईल. या गरजेतून त्या चिमुकल्या मोटारी जन्मास आल्या.

फ्रिट्झ फेंड या अभियंत्याने आधी अपंगांसाठी तीनचाकी गाडी बनवली होती. तिचाच विस्तार करून मेसरश्मिटच्या कारखान्याने १९५३ मध्ये गाडी काढली, आणि १९५५ मध्ये तिची सुधारलेली आवृत्ती. दोन माणसे एकामागे एक बसत, डोक्यावर विमानासारखे पारदर्शक घुमटाकृती झाकण आणि हाती चक्राऐवजी दांडा. मागे जायचे असेल तर इंजिन बंद करून उलट्या दिशेने सुरू करावयाचे! बवेरियातील हान्स ग्लास यांचा धंदा शेतीच्या यंत्रांचा, पेरणीयंत्रे बनवण्याचा. त्यांनी १९५५ मध्ये ‘गोगोमोबील’ आणली. बी.एम.डब्ल्यू.ने इटलीहून ‘इसेटा’चा आराखडा आणला. अंड्याच्या आकाराच्या या गाडीचे दार समोरच्या बाजूस होते, आणि दार उघडले की चक्रही त्याच्याबरोबर बाहेर येई. १९५५ ते १९६२ या काळात अशा दीड लाखांहून अधिक गाड्या विकल्या गेल्या.

या यशामागे कायद्याचाही हात होता. लहान वाहनाचा जुना परवाना असलेल्यास २५० सी.सी.पर्यंतची मोटार त्याच परवान्यावर चालवता येई. म्हणून कित्येक कारखान्यांनी आपले इंजिन त्या मर्यादेत बसवले. वाहनाचा आकार कारागिराच्या कल्पनेइतकाच सरकारच्या नियमाने ठरतो, हे यातून ध्यानात यावे.

परंतु हा बहर दहा-बारा वर्षांचाच ठरला. इसेटाची किंमत अडीच हजार मार्कांच्या घरात, तर साध्या फोक्सवागेनची पावणेचार हजारांच्या घरात. मजुरी वाढत गेली तसे हे अंतर सहज ओलांडता येऊ लागले. चार माणसे बसतील अशी खरी मोटार आवाक्यात आल्यावर दोघांच्या अंड्यात कोण बसणार? ज्या गरिबीने या गाड्यांना जन्म दिला ती सरली, आणि तिच्याबरोबर गाड्याही सरल्या.

याच छोट्या वाहनांच्या कुळातील एक भाऊ मात्र निराळा होता. हॅम्बुर्गच्या फिडाल आणि पुत्र यांच्या ‘टेम्पो’ कारखान्याने १९४९ पासून ‘हानझेआट’ नावाची तीनचाकी मालगाडी काढली होती. सुमारे ४०० सी.सी.चे दोन धावांचे इंजिन, म्हणजे रचना अगदी सोपी. इंजिन पुढे आणि ते ज्याला फिरवते ते एकटे चाकही पुढेच. त्यामुळे मागचा सारा भाग मालासाठी मोकळा राही. जर्मन दुकानदाराची ऐपत वाढली तेव्हा तोही चारचाकीकडे वळला, आणि १९५६ मध्ये तिथे ही गाडी बंद पडली.

जी गाडी जर्मनीने टाकून दिली ती नवलमल कुंदनमल फिरोदिया यांनी उचलली. ते नगरचे. त्यांचे वडील कुंदनमल फिरोदिया हे मुंबई विधानसभेचे अध्यक्ष होते, हे आपणांस ठाऊकच आहे. आपल्या देशात ऑटोरिक्षा रुजवण्यातही नवलमलजींचा मोठा वाटा होता. १९५८ मध्ये हॅम्बुर्गच्या कारखान्याशी सहकार्य करून ‘बजाज टेम्पो’ कंपनी निघाली, आणि मुंबईत गोरेगावला हानझेआट तयार होऊ लागली. पुढे कारखाना पुण्याजवळ आकुर्डीस आला. जर्मनीत सात वर्षे निघालेली ही गाडी आपल्याकडे २००० सालापर्यंत, म्हणजे चार दशकांहून अधिक काळ निघत राहिली.

असे का झाले? त्या काळी आपल्याकडे स्वस्त ‘बेबी कार’ची चर्चा वर्षानुवर्षे चालली होती. मध्यमवर्गाचे ते स्वप्न १९८३ च्या डिसेंबरात मारुती येईपर्यंत स्वप्नच राहिले. पण बैलगाडी आणि ट्रक यांच्यामध्ये जी मोठी पोकळी होती तिची चर्चा फारशी होत नव्हती. दहा-बारा गोण्यांसाठी ट्रक महाग पडे, आणि बैलगाडी बाजार उठल्यावर पोचे. टेम्पो त्या पोकळीत नेमका बसला. शिवाय मालक आणि चालक एकच असू शकला. कर्ज काढून एका गाडीवर एक कुटुंब उभे राहू लागले. जर्मन कुटुंबाला ती चिमुकली मोटार खर्चाची बाब होती. आपल्या माणसाला टेम्पो ही मिळकतीची बाब झाली.

याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. दोन धावांच्या त्या इंजिनाचा धूर आणि कर्णकर्कश फटफट आपल्या शहरांनी पुष्कळ वर्षे सोसली. एखादे यंत्र चाळीस वर्षे टिकले, यात त्याच्या उपयुक्ततेचे जेवढे श्रेय आहे तेवढाच आपल्या बंदिस्त बाजारपेठेचा दोषही आहे. स्पर्धा असती तर ते लवकर सुधारले असते.

नंतर खुद्द नगरमध्येही छोट्या वाहनाचा कारखाना आला. हस्तीमल फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगने १९७२ मध्ये ५० सी.सी.ची ‘लुना’ काढली. शिक्षक, दूधवाले आणि नोकरी करणाऱ्या स्त्रिया यांच्या दारी ती पोचली. तिनेही टेम्पोप्रमाणे ग्राहकाच्या ऐपतीपासूनच आरंभ केला होता.

चिमुकल्या मोटारींचा हा इतिहास आपणांस एवढेच सांगतो: परदेशातून यंत्र आणताना तेथे ते किती गाजले हे पाहू नये, आपल्या माणसाचे कोणते काम अडले आहे ते पाहावे. इसेटा आज संग्रहालयात जपून ठेवली आहे. हानझेआट रस्त्यावरून गेली, ‘बजाज टेम्पो’ कंपनीनेही २००५ मध्ये ‘फोर्स मोटर्स’ हे नाव घेतले. पण उद्या सकाळी बाजार समितीच्या दारात कोणी हाक मारील ती ‘टेम्पो’ अशीच. एखाद्या यंत्राला याहून मोठा मान समाजाने तो काय द्यावा!