तव्याची ढाल

सुट्टीला आलेला भाचा एज ऑफ एम्पायर्स खेळत बसला होता. त्यात साधा तिरंदाज एका क्लिकसरशी क्रॉसबोवाला होतो. "मामा, म्हणजे हा जास्त शिकलेला ना?" मी म्हटलं, "उलट, कमी शिकलेला." त्यावर त्याने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिलं की सगळं सांगत बसावं लागलं. तेच इथे लिहितोय.

साधं धनुष्य ताणून, तसंच धरून नेम साधायचा तर त्यात वर्षंच्या वर्षं जातात. क्रॉसबो म्हणजे लाकडी दांड्यावर आडवं बसवलेलं धनुष्य. दोरी ओढून खटक्यात अडकवायची, खाचेत आखूड, जाडसर बाण ठेवायचा, नेम धरायचा आणि खालची पट्टी दाबायची. ताण खटका धरून ठेवतो, हात नाही. त्यामुळे थोड्याशा सरावाने कुणीही बऱ्यापैकी नेमबाज होऊ शकतो. ओढायचं काम मात्र जिवावरचं! पहिल्या क्रुसेडमध्ये आलेल्या युरोपियनांकडचं हे हत्यार बायझंटाइन राजकन्या आना कोम्निनीने बाराव्या शतकात वर्णन करून ठेवलंय. माणूस जवळजवळ उताणा होऊन दोन्ही पाय कमानीला लावतो आणि दोन्ही हातांनी दोरी खेचतो. बाईंना तो प्रकार चक्क सैतानी वाटला. पुढे दांड्याच्या टोकाला रिकीब आली आणि कमरेच्या पट्ट्याला आकडा. पाय रिकिबीत घालायचा, वाकून दोरी आकड्यात घ्यायची आणि सरळ उभं राहायचं.

एवढं केलं की लहानपणापासून लढाईच शिकलेला, महागड्या चिलखतातला सरदार एखाद्या पोटार्थी शिपायाच्या टप्प्यात यायचा. 1139 साली रोममध्ये भरलेल्या लॅटरन धर्मसभेने ख्रिश्चनांविरुद्ध ही विद्या वापरायला बंदी घातली. (त्या कलमात साध्या तिरंदाजांचाही उल्लेख आहे, तो सहसा कुणी सांगत नाही.) सरदारांची पोटदुखी हेच बंदीचं कारण होतं असं ठामपणे म्हणता येणार नाही, पण मला तरी तो वास येतो. बंदी अर्थातच कुणी पाळली नाही.

पाळली नाही त्यात इंग्लंडचा राजा पहिला रिचर्ड, 'सिंहहृदयी' म्हणून ओळखला जाणारा, अगदी पुढे. 1192 साली जाफापाशी त्याने भालेवाले गुडघ्यावर बसवले आणि मागे क्रॉसबोवाल्यांच्या जोड्या लावल्या. एक बाण मारतोय, दुसरा भरून देतोय. भरायला वेळ लागतो हा या हत्याराचा मोठा दोष, त्यावर हा उपाय. सलाउद्दीनच्या घोडदळाला ती भिंत फोडता आली नाही.

आणि मग 26 मार्च 1199. फ्रान्समधल्या लिमुझँ भागात शालू नावाची एक छोटी गढी. वेढ्यातले लोक मूठभर. संध्याकाळी रिचर्ड पाहणीला निघाला तेव्हा अंगात चिलखत नव्हतं. तटावर एक क्रॉसबोवाला होता. इतिवृत्तात म्हटलंय की त्याच्याकडे ढाल म्हणून स्वयंपाकघरातला तवा होता! राजाला गंमत वाटली, त्याने त्याला दाद दिली. पुढचा बाण राजाच्या डाव्या खांद्यात शिरला. बाण काढताना लाकूड मोडलं, लोखंड आत राहिलं. वैद्याने ते उकरून काढलं, पण जखम सडली. 6 एप्रिलला रिचर्ड गेला, अवघ्या 41 व्या वर्षी. म्हातारी आई एलेनॉर तेव्हा जवळ होती.

फ्रेंच राजाच्या दरबारी कवीने नंतर लिहिलं की फ्रान्सला क्रॉसबो दाखवला तो रिचर्डनेच, म्हणून त्याला मरणही तसंच आलं. हे खरं नाही, फ्रान्समध्ये क्रॉसबो आधीपासून होता. पण शत्रूच्या कवीला एवढी हौस भागवू द्यावी.

राजाचं हृदय रुआँला, धड फोंतव्रोला, आतडी शालूलाच पुरली. हृदयाची उरलेली पूड 2013 साली शास्त्रज्ञांनी तपासली. पुदिना, धूप, पारा असं काय काय निघालं, विषाचा पुरावा मात्र नाही.

भाच्याला यातलं काहीच नको होतं. "मामा, त्या तव्यावाल्याचं काय झालं?"

त्याचं नावसुद्धा धड ठरलेलं नाही, प्रत्येक इतिवृत्तकार वेगळंच सांगतो. एकाने लिहिलंय की मरणाऱ्या राजाने त्याला समोर बोलावलं, माफ केलं आणि शंभर शिलिंग देऊन सोडायला सांगितलं. राजाने डोळे मिटल्यावर त्याच्या भाडोत्री सरदाराने, मर्काडियेने, त्याची जिवंतपणी कातडी सोलवली.

भाच्याला मी फक्त शंभर शिलिंगांपर्यंतच सांगितलं.