मॅग्नेशियम मिश्रधातू : वेगवान दाबाखालील वर्तन

मॅग्नेशियमच्या मिश्रधातूवर क्षणार्धात मोठा दाब आला, की त्याचा आकार बदलतो आणि तो आतून तापतो. मोटारीचा अपघात असो वा घणाखालची घडाई, या दोन्ही क्रिया एकाच वेळी घडतात. मॅग्नेशियमची घनता दर घन सेंमी.ला १.७४ ग्रॅम, पोलादाची ७.८५. हलकेपणासाठी हा धातू निवडताना त्याचे आघाताखालचे वागणे जाणावेच लागते.

मॅग्नेशियमचे अणू षट्कोनी रचनेत दाटीने बसलेले असतात. साध्या तापमानाला अणूंचे थर मुख्यतः षट्कोनाच्या तळाला समांतर घसरतात. तशी वाट नसेल, तर स्फटिकाचा काही भाग सुमारे ८६ अंशांनी कलंडतो. याला यमलन म्हणतात.

त्यामुळे दाबाची दिशा महत्त्वाची ठरते. सुमारे ३ टक्के ॲल्युमिनियम व १ टक्का जस्त असलेल्या एझेड३१ या मिश्रधातूचा, साच्यातून रेटून काढलेला दांडा लांबीच्या दिशेने दाबला, तर यमलनामुळे तो आधी सहज नमतो. ६-७ टक्के विकृतीपर्यंत, म्हणजे लांबी तेवढी घटेपर्यंत, बहुतेक स्फटिक कलंडून होतात आणि प्रतिबल, म्हणजे दर एकक क्षेत्रावरचा जोर, झपाट्याने चढते. लाटलेल्या पत्र्याला जाडीच्या दिशेने दाबल्यास मात्र ही मोकळीक मिळत नाही. तो पहिल्यापासून ताठ राहतो. यमलनावर वेगाचा परिणाम थोडाच होतो, पुढच्या घसरणीवर अधिक.

हे वर्तन मोजण्याच्या वेगवान दाबाच्या चाचणीत नमुना दोन लांब दांड्यांमध्ये धरून एकावर आघात करतात आणि दांड्यांतील तरंगांवरून प्रतिबल व विकृती काढतात. हर्बर्ट कोल्स्की यांनी १९४९ मध्ये ही पद्धत मांडली.

दाबण्यात खर्ची पडलेल्या कार्याचा मोठा वाटा उष्णता होतो. सरासरी ३०० मेगापास्कल प्रतिबलाखाली २० टक्के विकृती झाली व ९० टक्के कार्य उष्णतेत गेले असे धरल्यास तापमान सुमारे ३० अंश से. वाढते. सावकाश दाबताना ही उष्णता निघून जाते. आघात सेकंदाच्या पाच हजाराव्या भागात उरकला, तर तेवढा अवधी नसतो. विकृती एका पट्ट्यात साचली, तर तो पट्टा अधिक तापतो, मऊ पडतो आणि तिथेच आणखी विकृती ओढवते. वाफेच्या घणाखालील प्लॅटिनमच्या दांड्यावर अशा तप्त तिरक्या रेषा दिसल्याचे आंरी त्रेस्का यांनी १८७८ मध्ये प्रसिद्ध केले होते.

मोटारीच्या इंजिनातील कॅमशाफ्टच्या सततच्या घासणीला मॅग्नेशियम पुरे पडत नाही. त्याची जागा स्टिअरिंगचा सांगाडा, आसनाची चौकट आणि गिअरपेटीचे कवच यांत आहे. हे भाग बहुधा ओतीव असतात, त्यांचे स्फटिक सर्व दिशांना विखुरलेले असतात, म्हणून रेटलेल्या दांड्याइतका दिशाभेद त्यांत आढळत नाही.