हे शहर कोणी वसवले?

आठवीच्या वर्गात इतिहासाच्या सरांनी विचारले होते, "हे शहर कोणी वसवले?" आपण सगळे एका सुरात ओरडलो, "चांदबीबीने!" सर म्हणाले, "अरे, ती त्याची पणती." तो म्हणजे मलिक अहमद. शाळा बुडवून ज्या बागरोजाकडे आपण जात होतो, तिथेच त्याची कबर आहे. तेव्हा ते कुणाच्या गावी होते!

मित्रहो, या माणसाच्या घराण्याची हकीकत फिरिश्ताने लिहून ठेवली आहे. फिरिश्ता स्वतः याच शहरात वाढला. तो सांगतो, अहमदचे वडील मूळचे तिमाप्पा, पाथरीच्या कुळकर्णी ब्राह्मणांच्या घराण्यातले. विजयनगरच्या लढाईत लहानपणी बहमनींच्या हाती सापडले, मुसलमान झाले आणि मलिक हसन या नावाने थेट वजिरीपर्यंत पोहोचले. १४८६ मध्ये बिदरला त्यांचा खून झाला. मुलगा तेव्हा जुन्नरच्या बाजूला होता. बाप गेला, दरबार उलटला. अहमदने जुन्नरलाच पाय रोवले.

त्याच्यावर बहमनी फौजा चालून आल्या. २८ मे १४९० रोजी भिंगारजवळ त्याने जहांगीरखानाचा पराभव केला. त्या जागी बाग लावली, वाडा बांधला. आपण स्थापना दिन साजरा करतो तो या लढाईचा. गाव वसू लागले १४९४ मध्ये. जागा निवडण्यामागचा हिशोब पक्का शिपायाचा होता. त्याला दौलताबाद हवे होते आणि तो किल्ला सरळ हल्ल्याने पडणारा नव्हता. म्हणून जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मधोमध, सीनेच्या काठी ठाणे केले. दरवर्षी खरिपाला आणि रब्बीला इथून फौज निघायची आणि किल्ल्याभोवतीची उभी पिके लुटून यायची. १४९९ मध्ये किल्ला हाती आला. म्हणजे आपले गाव दुसऱ्या मुलखातल्या शेतकऱ्यांच्या पोटावर उभे राहिले. हे मला सरांनी सांगितले नव्हते, आणि वाचल्यावर बरेही वाटले नाही.

त्याच फिरिश्ताने असेही लिहिले आहे की, अहमद गावातून घोड्यावर जाताना डावीउजवीकडे पाहत नसे. परस्त्रीवर नजर पडू नये म्हणून. दोन्ही गोष्टी एकाच माणसाच्या.

तो वारला तेव्हा मुलगा बुऱ्हाण जेमतेम सात वर्षांचा. पुढे या बुऱ्हाणाने वऱ्हाडच्या इमादशाहाकडे पाथरी मागितली. बदल्यात दुसरा मुलूख देऊ केला. नकार आला, तेव्हा १५१८ मध्ये लढून घेतली आणि तिथल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिली. तीन पिढ्या उलटल्या, धर्म बदलला, तरी गावाची ओढ सुटली नव्हती.

शहराचे नाव आता अहिल्यानगर झाले, चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींचे. नावावरून आपल्या ग्रुपवर पुष्कळ वाद झाले. मी त्यात पडलो नाही. स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी बागरोजाला जाणार आहे. यायचे असेल त्यांनी दिल्ली दरवाजाशी थांबावे. सर, आपणही यावे. या वेळी उत्तर बरोबर देऊ.