वाटाड्या आणि त्याची भूमी

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतात १८९३ साली अल्गोन्क्विन नावाचे विस्तीर्ण राखीव उपवन स्थापन झाले. तेथील सरोवरांतून हलकी होडी वल्हवीत जावे, रात्री काठावर तंबू ठोकावा आणि अंधारात लांडग्यांची आरोळी कानी पडते काय याची वाट पाहावी, ही तिकडील हौशी प्रवाशांची आवडती सफर होय. ही आरोळी ऐकविण्यासाठी लोकांस एकत्र नेण्याचा प्रघातही तेथे १९६३ साली पडला. परंतु या सफरीचे मूळ साधन जी होडी, ती काही गोऱ्या प्रवाशाची कल्पना नव्हे. भूर्जवृक्षाच्या सालीची, खांद्यावर उचलून नेता येईल अशी होडी तेथील मूळ रहिवाशांनी घडविली. कातड्यांच्या युरोपीय व्यापाऱ्यांनी ती त्यांच्यापासून घेतली, आणि वाटही त्यांनाच विचारली. उपवनास नाव त्यांच्यापैकी एका जमातीचे मिळाले. भूमी मात्र सरकारची झाली. भूमी अशी राखीव झाली म्हणजे वाटाड्याचे पुढे काय होते? हा प्रश्न आम्हां वऱ्हाडकरांस परका नाही.

आमच्या वऱ्हाडाची दोन अंगे येथे ध्यानात घ्यावीत. पूर्णेच्या काठचा काळ्या मातीचा सपाट मुलूख तो पयानघाट, आणि त्याच्या उत्तरेस गाविलगडच्या रांगांचा मेळघाट. लांडगा हा मेळघाटच्या गर्द झाडीचा राजा नव्हे. तेथे सत्ता वाघाची, आणि कळपाने शिकार करणारा प्राणी म्हणजे रानकुत्रा. लांडगा मुख्यतः उघड्या माळाचा रहिवासी. काळवीट, ससा आणि धनगराची मेंढी यांच्या मागावर हिंडणारा. दख्खनच्या या लांडग्यास कर्नल साइक्स याने १८३१ साली शास्त्रीय नाव दिले. धनगर त्यास त्यापूर्वी कित्येक पिढ्या ओळखत होता. मेळघाटात खापरा, सिपना, गडगा, डोलार आणि खंडू या नद्या तापीकडे धावतात. पावसाळ्यात त्या उतारू देत नाहीत आणि उन्हाळ्यात ठिकठिकाणी केवळ डोह उरतात. सेमाडोह या गावाच्या नावातच तो डोह आहे. अशा नद्यांतून होडीचा प्रवास कोठून घडावा? तेव्हा येथे प्रवाशाचा सारा भरवसा पायांवर, बैलांवर आणि वाटाड्यावर.

वाटेवाचून या डोंगरात शिरणे किती कठीण, याची साक्ष १८०३ सालच्या डिसेंबरात मिळाली. आडगावच्या लढाईनंतर वेलस्लीला गाविलगड घ्यावयाचा होता. किल्ल्याची उत्तर बाजू गाठण्यासाठी स्टीव्हन्सनच्या फौजेने ७ ते १२ तारखेपर्यंत दऱ्याखोऱ्यांतून स्वतः रस्ता पाडीत अवजड तोफा हातांनी ओढून नेल्या. १५ तारखेस गड पडला. फौजेस असे बळ असते. एकट्या मुशाफरास ते नसते. त्यास पाणी कोठे आहे, जनावराची वाट कोणती आणि माणसाची कोणती, हे सांगणारा कोणी लागतो.

मेळघाटात हा सांगणारा म्हणजे कोरकू. त्याची भाषा मराठीच्या कुळातील नव्हे, मुंडा कुळातील. ‘कोरो’ म्हणजे माणूस आणि ‘कू’ हा अनेकवचनाचा प्रत्यय. म्हणजे कोरकू याचा अर्थच ‘माणसे’. वाघास तो ‘कुला’ म्हणतो. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. पुढे साहेबांचे तंबू रानात पडू लागले आणि कोरकू हा त्यांचा वाटाड्या झाला. शिकारीच्या आठवणींवर साहेबांची नावे छापली गेली. वाटाड्याच्या नावास त्यांत क्वचितच जागा मिळाली. त्याच काळात रान राखीव होत गेले, कोरकूची फिरती शेती बंद पडली, आणि राखीव वनातील वसाहतींत मजुरीच्या मोबदल्यात राहण्याची मुभा एवढेच त्याच्या हाती उरले. खाली माळावर आणि साऱ्या हिंदुस्थानात लांडग्यावर सरकारी इनाम लागले होते. इतिहासकार महेश रंगराजन यांच्या गणनेप्रमाणे १८७५ ते १९२५ या पन्नास वर्षांत देशभर इनामासाठी सुमारे २,००,००० लांडगे मारले गेले. एकाच राजवटीने डोंगरातल्या माणसाचा हक्क आखडला आणि माळावरच्या जनावराचा जीव विकत घेतला.

स्वराज्यात काळ पालटला. लांडग्यास कायद्याचे संरक्षण मिळाले; व्याघ्रप्रकल्पाच्या पहिल्या नऊ क्षेत्रांत मेळघाट होता. मात्र वाघास एकांत हवा म्हणून वस्त्या उठू लागल्या. बोरी, कोहा आणि कुंड ही गावे या शतकाच्या आरंभी अकोला जिल्ह्यात, अकोट तालुक्याच्या सपाटीवर वसविली गेली. रानातले जिणे सुखाचे होते असे आम्ही म्हणत नाही. १९९३ साली मेळघाटातील बालमृत्यूंनी साऱ्या महाराष्ट्रास मान खाली घालावयास लावले, आणि दवाखाना, शाळा व सडक यांची किंमत जंगलात राहणाऱ्यासच अधिक कळते. वाघासही जागा हवीच. परंतु ज्यास वाघाची चाल कळे, तो माणूस कापसाच्या आणि लांडग्याच्या मुलखात आला म्हणजे त्याचे पिढ्यांचे ज्ञान एका दिवसात निरुपयोगी होते. घर हलविता येते. ओढ्याची ओळख हलविता येत नाही. नुकसानभरपाईच्या कोणत्याही हिशेबात हा रकाना आम्हांस दिसला नाही.

दुसरी वाट नाही असेही नव्हे. २००६ च्या वनहक्क कायद्याने रानाशी गावाचे नाते पुन्हा मान्य केले. अमरावती जिल्ह्यातील पायविहीर या गावाने सामूहिक हक्क मिळविला आणि उजाड डोंगर पुन्हा झाडीखाली आणला. आज मेळघाटात सफरीस जाणाऱ्या गाड्यांत स्थानिक तरुण मार्गदर्शक म्हणून बसतात, हेही चांगलेच. मात्र ठरलेल्या रस्त्यावरून ठरलेल्या वेळी जनावर दाखविणे आणि रान जाणणे या दोन गोष्टी भिन्न आहेत. पहिली काही आठवड्यांत शिकविता येते. दुसरी बापाच्या पाठीमागे चालूनच येते. त्या चालण्यास जागा उरली नाही, तर पुढल्या पिढीतील वाटाड्यास स्वतःच्याच रानात वाट विचारावी लागेल, आणि सांगणारा कोणी नसेल.