रूळ जिथून गेले नाहीत

रेल्वेने गावे कशी घडविली, हे आपण नेहमी वाचतो. मनमाड, भुसावळ, दौंड ही नावे त्या संदर्भात ओठांवर येतातच. परंतु रेल्वे ज्या गावांना वळसा घालून गेली, त्यांचाही एक इतिहास असतो आणि तो सहसा लिहिला जात नाही. बीड जिल्ह्यातील माजलगाव तालुक्यात दिंद्रुड नावाचे गाव आहे. त्या गावच्या शिवारात उभे राहून हा इतिहास पाहावा, असे आम्हांस वाटते.

नकाशा समोर ठेवला की गोष्ट उलगडते. उत्तरेस गोदावरीपलीकडे हैद्राबाद-मनमाड हा लोहमार्ग १९००च्या सुमारास सुरू झाला. जालना, सेलू, परभणी, नांदेड ही बाजारगावे त्याच्या काठी वाढली. दक्षिणेस, बालाघाटाच्या पलीकडे, बार्शी लाइट रेल्वे आली. या दोन मार्गांच्या मध्ये बीड राहिले. जिल्ह्याच्या पूर्व टोकास परळी वैजनाथला निजामाच्या राजवटीत रेल्वे पोहोचली खरी; पण टोकाला आलेले रूळ संपूर्ण जिल्ह्याचे होत नाहीत.

बार्शीच्या त्या छोट्या गाडीची हकीकत मोठी रसाळ आहे. बार्शी ही कापसाची पेठ, पण मोठा लोहमार्ग तिच्यापासून दूर कुर्डुवाडीवरून गेलेला. एव्हरर्ड कॅल्थ्रॉप नावाच्या इंग्रज अभियंत्याने अडीच फूट रुंदीचा मार्ग सुचविला. प्रत्येक आसावर ५ टनांहून अधिक भार पडू नये, म्हणजे हलके रूळही पुरतील आणि खर्च आवाक्यात राहील, हे त्याचे गणित होते. १८९७ साली कुर्डुवाडी-बार्शी गाडी धावू लागली. १९०६ साली ती पंढरपूरला गेली आणि वारकऱ्यांची झाली. १९११ साली लातूर गाठले, १९२७ साली मिरज.

लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातील एक तालुक्याचे गाव. जिल्ह्याचे ठाणे असलेल्या उस्मानाबादला मात्र या गाडीने बगल दिली. तिचे स्टेशन येडशीला होते. परिणाम काय झाला? कचेऱ्या उस्मानाबादेत राहिल्या आणि आडत, डाळी, तेलबिया यांचा व्यापार लातुरात साचत गेला. १९८२ साली लातूर स्वतंत्र जिल्हा झाला. त्याला राजकीय कारणे होतीच, पण बाजारपेठेचे वजन आधी रुळांवरून आले होते, असे आमचे मत आहे. पुढे मार्ग रुंद करताना तो वळवून उस्मानाबादेस, म्हणजे आजच्या धाराशिवास, नेला गेला. शतकभर उशिरा का होईना!

त्याच मार्गाने २०१६ सालच्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाणी आले. पहिल्या खेपेस १० वाघिणींतून सुमारे ५ लाख लिटर. कापूस न्यायला घातलेला मार्ग तहान भागवायला कामी आला. त्या वर्षी बीड जिल्हाही होरपळत होता. पण बीड शहराला रूळच नव्हते, तेथे भरवसा टँकरचा. परळीची कथा आणखी विचित्र. तेथील औष्णिक वीजकेंद्रासाठी कोळसा रेल्वेने येत होता, तरी २०१५ साली पाण्यावाचून ते केंद्र बंद ठेवावे लागले.

रुळांअभावी माल हलत नाही, तेव्हा माणसे हलतात. दसरा झाला की बीड जिल्ह्यातून लाखो ऊसतोड मजूर ट्रक आणि ट्रॅक्टरमधून पश्चिम महाराष्ट्राकडे, कर्नाटकाकडे निघतात. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. मुकादमाकडून घेतलेली उचल फेडण्यासाठी पाच-सहा महिने पाचटाच्या कोपीत काढायचे. मुलांची शाळा मध्येच तुटते. हे सारे केवळ रेल्वे नसल्याने झाले, असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. उथळ जमीन, बेभरवशाचा पाऊस, १९७२चा दुष्काळ, ही कारणे आहेतच. परंतु कारखाने, गिरण्या, मोठ्या पेठा जेथे उभ्या राहिल्या, तेथे रोजगार गावापाशी आला. येथे माणसालाच रोजगारापाशी जावे लागले.

अहमदनगर-बीड-परळी या २६१ किलोमीटरच्या मार्गाला १९९५-९६ साली मंजुरी मिळाली. तेव्हा अंदाज सुमारे ३५३ कोटी रुपयांचा होता. पुढे तो ४,८०० कोटींवर गेला. भूसंपादन रखडले, निधी तुटपुंजा मिळत राहिला, अखेर राज्य शासनाने निम्मा वाटा उचलला. २०२२च्या सप्टेंबरात आष्टीपर्यंत गाडी आली. बीडला ती पोहोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी. मंजुरीच्या वर्षी जन्मलेले मूल तोवर तिशीला आले होते.

पुढचा टप्पा वडवणीवरून परळीकडचा. दिंद्रुडकरांना जवळचा तोच, आणि बीडला गाडी आली तेव्हा तो अजून व्हायचा होता. तो पुरा झाला की कोणत्या स्थानकावर मालधक्का होतो, आणि आसपासचा कापूस-सोयाबीन तेथे चढतो की केवळ कोयते घेतलेली माणसे, याकडे आमचे लक्ष राहील.